चौदा हजार, पंधरा हजार

१२ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळचे साडेसहा. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर, अप्रोच कंट्रोलच्या खोलीत तुम्ही उभे आहात. दिवाळीची अमावास्या होऊन दोनच दिवस झालेत. बाहेर केव्हाच अंधार पडला आहे. आतही दिवे मंद ठेवलेत, कारण रडारचा पडदा उजेडात नीट दिसत नाही. तुम्ही इथे आहात हे कोणाला कळणार नाही, आणि तुम्ही काही बोललात तरी ते कोणाच्या कानावर पडणार नाही. जवळ जाऊन बघण्याची मुभा मात्र आहे, तेव्हा कंट्रोलरच्या खांद्यामागून पडद्याकडे बघा.

पडद्यावर ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक विमान. रडार लहरी सोडतं, त्या विमानाच्या धातूवर आपटून परत येतात, आणि विमान कोणत्या दिशेला, किती मैलांवर आहे ते समजतं. तेवढंच समजतं. ठिपक्याशेजारी विमानाचं नाव नाही आणि उंचीचा आकडाही नाही. विमानाला त्याची ओळख आणि उंची विचारून ती पडद्यावर छापणारं सेकंडरी रडार १९९६ साली जगात नवलाईचं राहिलेलं नाही. दिल्लीसाठी ते घेतलंही गेलं आहे. पण आज संध्याकाळी या खोलीत ते चालू नाही.

मग उंची कशी कळते? वैमानिक सांगतात म्हणून. कंट्रोलरसमोर कागदाच्या अरुंद पट्ट्या लावून ठेवल्या आहेत, प्रत्येक विमानाची एक. त्याला कोणती उंची दिली, त्याने कोणती गाठली असं कळवलं, हे कंट्रोलर पेनाने त्यावर लिहितात. दिल्लीचं आकाश कोणत्याही क्षणी कसं आहे याचं चित्र या पट्ट्यांवर आणि कंट्रोलरच्या डोक्यात असतं. वैमानिक जे बोलला आणि विमान जिथे आहे, त्यात फरक पडला तर तो पट्टीवर उमटणार नाही आणि ठिपक्यातही दिसणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दिल्लीभोवतालचं बरंच आकाश हवाई दलासाठी राखलेलं आहे. पश्चिमेला जाणारी विमानं आणि पश्चिमेकडून येणारी विमानं एकाच अरुंद वाटेने ये-जा करतात, एकमेकांच्या तोंडावर. जाणारं खाली आणि येणारं वर, मध्ये हजार फूट. या वाटेवर सुरक्षितता म्हणून जे काही आहे ते एवढंच.

६ वाजून ३२ मिनिटं. सौदी अरेबियन एअरलाइन्सची फ्लाइट ७६३ धावपट्टी सोडते. बोइंग ७४७, धाहरानमार्गे जेद्दा. आत ३१२ माणसं. तुम्हाला तिच्यात बसवतो.

मागे केबिनमध्ये कामासाठी आखातात निघालेले पुष्कळ जण आहेत. १९९६ सालच्या भारतातून अशी विमानं रोज सुटतात. पुढे कॉकपिटमध्ये तिघं आहेत: कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर आणि मागच्या खुर्चीवर फ्लाइट इंजिनिअर. उड्डाणानंतरची पहिली दहा मिनिटं कॉकपिटमधली सगळ्यात गडबडीची. चाकं आत घ्यायची, फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटायचे, इंजिनाची ताकद उड्डाणाच्या जोरावरून चढाईच्या जोरावर आणायची, वळणं घ्यायची, रेडिओची फ्रीक्वेन्सी बदलायची, चेकलिस्ट वाचायची. शिवाय आल्टिमीटर बदलायचा. जमिनीजवळ तो त्या दिवशीच्या स्थानिक हवेच्या दाबावर लावलेला असतो. ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर जगभर एकच, १०१३ हेक्टोपास्कल, लावायचा. हे बटण फिरवायचं राहून गेलं आणि त्या दिवशीचा दाब प्रमाणापेक्षा वीस हेक्टोपास्कलने कमी असला, तर विमान पाचशे-साडेपाचशे फूट भलतीकडे जातं आणि काट्यावर सगळं ठीक दिसत राहतं. उंचीच्या कितीतरी चुका इथेच जन्माला येतात, हुशार आणि अनुभवी वैमानिकांच्या हातून.

या सगळ्या धांदलीत एक आकडा सांभाळायचा असतो: कुठे थांबायचं. सुटणाऱ्या विमानाला एकदम पस्तीस हजार फुटांपर्यंत मोकळं सोडत नाहीत. आधी इथपर्यंत या, थांबा, मग पुढचं सांगतो. ७६३ला आधी १० हजार मिळाले होते, आता १४ हजार मिळालेत. रेडिओवर हे ‘लेव्हल वन फोर झिरो’ असं बोलतात. शेवटची दोन शून्यं गाळून. विमान १४ हजारांच्या जवळ येतं तेव्हा कॉकपिटमधून आणखी वरची उंची मागितली जाते. वर जायला प्रत्येक वैमानिक उत्सुक असतो, वर हवा विरळ आणि इंधन कमी लागतं. कंट्रोलर सांगतात, १४० वरच राहा, वरच्या उंचीसाठी थांबा. कॉकपिटमधून उत्तर जातं: १४० वर राहतो.

आणि ते राहतात. चढाई थांबते, नाक खाली येतं, इंजिनांचा आवाज उतरतो. आपल्यालाही प्रवासात हे अनेकदा जाणवतं. विमान सुटून थोडा वेळ झाल्यावर चढ मध्येच थबकल्यासारखा वाटतो आणि आवाज बदलतो. बहुतेक वेळा आपल्या डोक्यावरून दुसरं कोणीतरी जाणार असतं. या सौदी वैमानिकांनी सुटताना जे जे करायचं ते सगळं बरोबर केलं. मला हे मुद्दाम ठळकपणे लिहावंसं वाटतं, कारण अपघाताच्या आठवणीत दोन्ही विमानं एकाच ओळीत येतात आणि या तिघांनी शेवटपर्यंत शब्द पाळला होता हे मागे पडतं.

आता समोरून येणाऱ्या विमानात चला.

कझाकस्तान एअरलाइन्सची फ्लाइट १९०७, चिमकेंटहून दिल्लीला. विमान आहे इल्यूशिन-७६, सोव्हिएत काळातलं अवजड मालवाहू. आत ३७ जण: दहा कर्मचारी आणि सत्तावीस प्रवासी, त्यात बरेचसे दिल्लीच्या बाजारात माल घ्यायला येणारे. या विमानाचं कॉकपिट वेगळं आहे. पुढे दोन वैमानिक. खाली, काचेच्या नाकात नॅव्हिगेटर. मागे फ्लाइट इंजिनिअर, आणि एक रेडिओ ऑपरेटर. कंट्रोलरशी इंग्रजीत बोलायचं काम या रेडिओ ऑपरेटरचं. तुम्ही त्याच्याच शेजारी उभे राहा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच्या जागेवरूनच नीट दिसते.

कंट्रोलर म्हणतात, १५० वर उतरा. हे शब्द रेडिओ ऑपरेटरच्या कानात शिरतात. तो इंग्रजीत उत्तर देतो. मग तो आकडा त्याच्याकडून विमान चालवणाऱ्यांपर्यंत पोचायचा असतो, त्यांच्या भाषेत. हे वैमानिक मीटरमध्ये उडायला शिकलेले आहेत. आयुष्यभर त्यांनी उंची मीटरमध्ये आणि वेग किलोमीटरमध्ये मोजला आहे. पंधरा हजार फूट म्हणजे साधारण ४,५७० मीटर, चौदा हजार म्हणजे ४,२७०. आणि रेडिओ ऑपरेटरसमोर आल्टिमीटर नाही. विमान किती उंचीवर आहे हे बघायचं तर त्याला पुढे वाकून वैमानिकांच्या खांद्यावरून त्यांच्या पॅनेलकडे डोकावावं लागतं.

हे बघून माझ्या पोटात गोळा येतो. ज्या माणसाने आकाशाला वचन दिलं त्याच्या हातात विमान नाही, आणि ज्यांच्या हातात विमान आहे त्यांनी ते वचन आपल्या तोंडाने उच्चारलेलं नाही.

रेडिओ ऑपरेटर कळवतो: १५० गाठलं. दिल्लीपासून ४६ मैल. अंधाऱ्या खोलीत कंट्रोलर ते लिहून घेतात आणि म्हणतात, १५० वरच राहा. मग लगेच इशारा देतात: समोरून, बरोबर नाकासमोर, उलट्या दिशेने सौदीचं बोइंग ७४७ येत आहे, दिसलं की सांगा. इकडून विचारणा होते, किती मैलांवर? कंट्रोलर अंतर सांगतात आणि त्या विमानाची उंचीही सांगतात: लेव्हल १४०. रेडिओ ऑपरेटर सांगतो, बघतोय.

इथे थांबून ऐका. रेडिओवरच्या या संभाषणात एकही आकडा चुकलेला नाही. कंट्रोलरने बरोबर उंची दिली. उत्तर बरोबर आलं. गाठलं म्हणून कळवलं तेही बरोबर आकड्याने. समोरच्या विमानाची सूचना वेळेवर मिळाली. रेडिओच्या टेपवर सगळं यथास्थित आहे.

पण तुम्ही टेप ऐकत नाही, तुम्ही कॉकपिटमध्ये आहात. वैमानिकांच्या समोरच्या काट्याकडे बघा. विमान थांबलेलं नाही. १४,५०० फूट. अजून खाली. या कॉकपिटमध्ये ‘एक हजार राहिले’, ‘पाचशे राहिले’, ‘लेव्हल’ अशी हाक कोणीच देत नाही. उंचीजवळ येताना एकाने मोठ्याने आकडा म्हणायचा आणि दुसऱ्याने तपासून दुजोरा द्यायचा, ही जगभरची साधी सवय इथे दिसत नाही. ‘लेव्हल १४०’ हा आकडा समोरच्या विमानाचा होता. इथे तो आपल्यासाठीच दिलेला आहे असं कोणाला वाटलं का, अशी शंका नंतर पुष्कळांनी घेतली. पुढे कझाक बाजूने ढगातल्या हादऱ्यांमुळे विमान खाली ढकललं गेलं असंही मांडलं गेलं. काहीही असो, काटा १४ हजारांवर येतो, आणि त्याच्याही खाली सरकतो.

दोन्ही विमानांचा वेग मिळून मधलं अंतर दर मिनिटाला अठरा-वीस किलोमीटरने तुटत आहे.

रेडिओ ऑपरेटर पुढे वाकतो. खांद्यावरून डोकावतो. आणि त्याला दिसतं. तो ओरडून सांगतो की आपल्याला १५० वर राहायचं आहे, वर घ्या. कॅप्टन पूर्ण ताकद मागतो. इंजिनं गरजतात, नाक वर उठतं, विमान चढू लागतं.

या क्षणी तुम्हाला हात लांब करून त्याला अडवावंसं वाटेल. कारण इल्यूशिन ७४७च्या पातळीच्या खाली गेलेलं आहे. ते तसंच खाली राहिलं असतं तर बहुधा बोइंगच्या पोटाखालून निघून गेलं असतं. दोन्ही कॉकपिटमधले लोक घामाघूम झाले असते आणि सगळे घरी पोचले असते. चूक सुधारायला केलेली चढाई त्यांना ७४७ला नेऊन भिडवते. इल्यूशिनची शेपटी बोइंगच्या डाव्या पंखावर आपटते. पंखाचा भाग तुटतो, शेपटीही जाते.

६ वाजून ४० मिनिटं. उड्डाणाला आठ मिनिटं झाली आहेत.

अंधाऱ्या खोलीत कंट्रोलर दोन्ही विमानांना हाका मारत राहतात. पडद्यावर दोन ठिपके एक झाले, आणि मग तिथे काहीच उरलं नाही. पाकिस्तानकडून दिल्लीला येणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या एका मालवाहू विमानातून वैमानिकांना ढगांत मोठा केशरी उजेड दिसला. आकाशात काय झालं याची पहिली साक्ष त्यांची.

खाली हरियाणात, चरखी दादरीच्या आसपासच्या शेतांमध्ये मी तुम्हाला फार वेळ उभं करणार नाही. गावकरी कंदील आणि ट्रॅक्टरचे दिवे घेऊन धावले. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण. कोणीही वाचलं नाही. दोन विमानांची हवेत टक्कर होऊन इतकी माणसं एकाच वेळी याआधी कधी गेली नव्हती, आणि आजतागायत त्यानंतरही गेलेली नाहीत. जमिनीवर कोणी मेलं नाही, हा एवढाच दिलासा.

पुढच्या वर्षात चला. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगापुढे टेप वाजवले जातात, ब्लॅक बॉक्समधले आलेख उलगडले जातात. निष्कर्ष स्पष्ट आहे: इल्यूशिन परवानगी नसताना १४ हजारांवर उतरलं, दिलेली १५ हजारांची उंची त्याने पाळली नाही. कर्मचाऱ्यांचं इंग्रजी अपुरं होतं, कॉकपिटमधली शिस्त ढिली होती, ठरलेल्या हाका दिल्या गेल्या नाहीत.

वर्तमानपत्रं इथे थांबली. ‘कझाक वैमानिकांची चूक’, बातमी संपली. ती चूक होतीच. मी ती पुसू पाहत नाही. पण या निष्कर्षावर थांबून जो समाधान मानतो त्याच्याशी माझं भांडण आहे. त्या कॉकपिटमध्ये विमान चालवणारे आणि रेडिओवर बोलणारे वेगळे असतात हे कोणाला ठाऊक नव्हतं? सोव्हिएत बनावटीच्या विमानांची रचनाच तशी होती आणि ती जगभर जात-येत होती. एकाच वाटेने समोरासमोर विमानं सोडली जातात हे कोणापासून लपलेलं होतं? पडद्यावर उंची दिसत नाही हे त्या खोलीत बसणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरला रोज दिसत होतं. हजार फुटांचं सगळं ओझं एका माणसाच्या पुढे वाकून बघण्यावर ठेवलेलं होतं, आणि ते ओझं तिथे ठेवणारे कॉकपिटच्या बाहेर होते.

बदल झाले ते याच दिशेने झाले, म्हणून ते टिकले. दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या. सेकंडरी रडार चालू झालं, ठिपक्याशेजारी उंची दिसू लागली. आणि भारतीय आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांना टीकॅस सक्तीचं झालं. टीकॅस म्हणजे विमानांनी कंट्रोलरला न विचारता आपापसात बोलण्याची यंत्रणा. दोन विमानं धोक्याच्या अंतरात आली की ती एकाला ‘चढ’ आणि दुसऱ्याला ‘उतर’ म्हणून मोठ्याने सांगते. मुंबईहून नागपूरला जाताना किंवा पुण्याहून दिल्लीला जाताना तुमच्या विमानात ही यंत्रणा जागी असते. चरखी दादरीच्या त्या शेतांचं हे देणं आहे.

आता तेरा वर्षं पुढे, दुसऱ्या देशात. २७ जुलै २००९, लंडन. तुम्ही थेम्सकाठच्या जुन्या गोद्यांमधल्या लंडन सिटी विमानतळावर आहात. दीड किलोमीटरची धावपट्टी, भोवती पाणी आणि उंच इमारती. सेसना सायटेशन ५२५ नावाचं छोटं जेट सुटायच्या तयारीत आहे. समोर डिपार्चरचा नकाशा आहे. त्यात एक पायरी आहे: आधी ३ हजार फुटांवर थांबा, ठरावीक अंतर गेल्यावरच ४ हजारांवर जा. कारण सरळ आहे. हीथ्रोला उतरणारी मोठी विमानं याच वाटेच्या वरून, ४ हजार फुटांवरून जातात.

अशा पायऱ्या वैमानिकांचा घात करतात हे या क्षेत्रातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. नकाशावर दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. छोट्या जेटला चढायला वेळ लागत नाही. ३ हजार फूट म्हणजे दीड-दोन मिनिटांचा खेळ, आणि तेवढ्यात वर सांगितलेली सगळी कामं उरकायची असतात. मन शेवटच्या आकड्याकडे धावतं. न्यू जर्सीतला टेटरबरो विमानतळ यासाठीच वैमानिकांमध्ये बदनाम झाला: तिथल्या एका डिपार्चरमध्ये आधी १,५०० फुटांवर थांबायचं, मग २ हजारांवर, डोक्यावरून नेवार्कला उतरणारी विमानं जात असतात, आणि कितीतरी खासगी जेट मधली पायरी न घेता थेट २ हजारांवर पोचली. युरोपातल्या हवाई वाहतुकीचा समन्वय करणाऱ्या युरोकंट्रोल या संस्थेने २००४ साली उंचीच्या चुका रोखण्यासाठी आराखडा काढला. तीनशे फुटांहून जास्त फरक पडला की ती चूक म्हणून धरायची, असा निकष त्या सुमारास युरोपात रूढ होत होता. डिपार्चरमधल्या पायऱ्या शक्य तिथे टाळा, हा सल्लाही तेव्हाच दिला जात होता.

सायटेशन सुटतं. रेडिओवर वैमानिक आपली उंची परत म्हणून दाखवतो, आणि म्हणतो: ४ हजारांकडे चढतोय.

तुम्ही दचकता. दिल्लीत आकडा बरोबर बोलला गेला होता. इथे तो उघडउघड चुकीचा बोलला गेला आहे, स्वच्छ इंग्रजीत, आधुनिक रडार असलेल्या, नावाजलेल्या व्यवस्थेत. आणि तो चुकीचा आकडा कोणाच्या लक्षात येत नाही. हे बेपर्वाईतून घडत नाही. दिवसाला शेकडो वेळा बरोबर उत्तर ऐकणारा कान अपेक्षित उत्तरच ऐकतो. ३ आणि ४ यांच्यात एका अक्षराच्या उच्चाराएवढं अंतर आहे. इंग्रजीत दहा हजार आणि अकरा हजार, ‘वन झिरो’ आणि ‘वन वन’, ही जोडी तर वैमानिकांना इतकी फसवते की ब्रिटनमध्ये लेव्हल शंभरला आकडे सुटे न म्हणता ‘वन हंड्रेड’ म्हणायची पद्धत मुद्दाम पाडली आहे.

सायटेशन ३ हजार ओलांडतं. हीथ्रोकडे वळणारं तुर्की एअरलाइन्सचं बोइंग ७७७ ४ हजारांवर आहे. या विमानात टीकॅस आहे. यंत्र वैमानिकांना काय करायचं ते स्पष्ट सांगतं. त्या सूचना पाळल्या जात नाहीत. दोन विमानं एकमेकांच्या जवळून निघून जातात: आडवं अंतर सुमारे अर्धा मैल, उभं अंतर शंभर ते दोनशे फूट.

कोणाला खरचटलंही नाही. ७७७ हीथ्रोला उतरलं. तरीही ब्रिटनच्या विमान अपघात चौकशी विभागाने यावर पूर्ण अहवाल काढला, जणू काही अपघातच झाला होता. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. ३४९ माणसं गेल्यावर आयोग नेमणं कोणत्याही सरकारला भागच आहे. कोणीच गेलेलं नसताना टेप काढायचे, वैमानिकांना आणि कंट्रोलरना शांतपणे विचारायचं, ३ हजारांच्या जागी ४ हजार तोंडातून का आलं आणि ते कानांनी का सोडलं हे शोधायचं, याला वेगळी शिस्त लागते. अशा चौकशीत नाव घेऊन शिक्षा करायची भाषा आली की पुढच्या वेळी वैमानिक गप्प बसतो, आणि नकाशावरची पायरी तशीच राहते.

शेवटचा मुक्काम आजचा. तुम्ही पुन्हा कंट्रोलरच्या मागे उभे आहात, या वेळी एका अशा खोलीत जिथे मोड एस रडार आहे. ठिपक्याशेजारी विमानाचं नाव आहे, उंची आहे, ते चढतंय की उतरतंय हे दाखवणारा बाण आहे. आणि आणखी एक आकडा आहे. वैमानिकाने समोरच्या पॅनेलवर डायल फिरवून जी उंची लावली आहे ती. विमान अजून दोन हजार फुटांवर असतानाच दिसतं की त्याने ३ हजार लावलेत की ४ हजार. त्याने तोंडाने काय म्हटलं आणि कंट्रोलरच्या कानाने काय ऐकलं याच्यावर हा आकडा अवलंबून नाही. दिलेली उंची आणि लावलेली उंची जुळली नाही तर कंट्रोलर लगेच विचारू शकतात, विमान तिथे पोचायच्या आधीच.

त्याच वेळी कॉकपिटमध्ये डावीकडचा वैमानिक डायल फिरवतो, बोट त्यावर ठेवून आकडा मोठ्याने म्हणतो, आणि उजवीकडचा त्या आकड्याकडे बोट दाखवून तोच म्हणतो. हजार फूट राहिले की हाक येते. दहा हजारांच्या खाली कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलायचा नाही, हा नियम आहे.

तरी दोन फटी उरतात. डायलवर ३ हजार लावलेले असताना ऑटोपायलट न जोडता हाताने विमान चढवत राहिलं, तर पडद्यावर लावलेली उंची ३ हजारच दिसेल आणि विमान वर जात असेल. आणि आल्टिमीटरचा दाब चुकीचा लावला असेल तर डायल बरोबर, काटा बरोबर, वैमानिकाचं बोलणं बरोबर, आणि विमान भलत्याच ठिकाणी. दुसऱ्या फटीवरही उपाय निघाला आहे: काही विमानं लावलेला दाबही रडारकडे पाठवतात, आणि काही कंट्रोल केंद्रांमध्ये तो जमिनीवरच्या दाबाशी ताडून बघितला जातो. पहिल्या फटीसाठी अजून तरी शेजारच्या खुर्चीतला माणूसच आहे, त्याचा डोळा काट्यावर आणि हजार फूट राहिल्याची त्याची हाक.